टायगरची ट्युशन

नांदेड आणि लातूर यांच्यात जे चालतं त्याला भांडण म्हणणं बरं नाही; ती रीतसर भाऊबंदकी आहे. महसूल आयुक्तालय नांदेडला हवं की लातूरला, हा वाद २००९ पासून पेटतो, निवतो आणि कुणी फुंकर घातली की पुन्हा पेटतो. नांदेडकर हुजूर साहिब आणि गोदावरी पुढं करतात, लातूरकर गंजगोलाईतून फुटणारे सोळा रस्ते मोजून दाखवतात. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गावांचं पूर्ण एकमत आहे: शिकवणी लावल्याशिवाय जगात कुणाला काही येत नाही. 'लातूर पॅटर्न'नं ही श्रद्धा महाराष्ट्रभर पोचवली. आता दोन्हीकडं नीटचा क्लास आहे, जेईईचा आहे, पाचवीपासूनचं फाउंडेशन आहे, अक्षर सुधारणारा आहे आणि ज्याला अजून बेरीज येत नाही त्याला ती विजेच्या वेगानं करायला लावणारा अबॅकसही आहे.

अशा गावात कुत्र्यासाठी मास्तर शोधायला निघालेला माणूस एकदम अडाणी ठरतो. 'क्लास कुठं लावावा हो?' असं विचारलं की समोरून आधी प्रश्न येतो, 'कितवीला आहे?' आठ महिन्यांचा आहे म्हटलं की माणूस चपापतो, कारण इतक्या लहान वयाची बॅच अजून लातुरातही निघालेली नाही. मग टायगर नावाच्या कुत्र्यासाठी म्हणून खुलासा केला की तो हसून म्हणतो, 'भाकर टाका की त्याला. शिकवायलाव काय?'

खरं तर या मुलखाला कुत्रं नवीन नाही. नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे दत्ताचं ठिकाण. घराघरांतल्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद आहेत असं थोर लोक सांगतात, पण कुत्रं पाळलेल्या माणसाचं लक्ष दुसरीकडंच जातं. गळ्यात पट्टा नाही, साखळी नाही, मागं गाय उभी आहे, आणि चौघांतलं एकही तिच्यावर भुंकत नाही. सगळी जागच्या जागी. ट्रेनिंगची याहून मोठी जाहिरात कुणी केलेली नाही, आणि मास्तरानं तिच्यावर मोबाइल नंबरही टाकलेला नाही.

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की लोह्याच्या पुढं माळेगाव येतं. इथल्या खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षात माणूस लोटतो. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार भरतो आणि पशुप्रदर्शनात कुत्र्यांनाही मानाची जागा असते. खंडोबाचा आणि कुत्र्याचा घरोबा जुनाच. त्याच रस्त्यानं अहमदपूर ओलांडून चाकूर तालुक्यात शिरलं की जानवळ हे गाव लागतं, कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जाणारं. लांबट तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, आणि पश्मी असेल तर कानाला-शेपटीला रेशमी झुलपं. ही कुत्री वासापेक्षा नजरेनं शिकार करणारी. यांच्याच भाऊबंदांना कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात. त्यांचं टपाल तिकीटही २००५ साली निघालं. माळरानावर ससा उठला की मालकाच्या हुकमाची वाट न बघता सुटायचं, हे त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांचं शिक्षण. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाला अभय दिलं आहे, पण कायद्याची प्रत कुत्र्यापर्यंत पोचलेली नाही. म्हणून कारवानी कुत्र्याला मोकळ्या रानात 'ये' म्हणून परत बोलावणं ही ट्रेनिंगमधली पीएच.डी. मानावी. ते मठ्ठ नसतं. त्याला दूरवरचं काहीतरी दिसलेलं असतं आणि आपल्याला ते दिसत नाही, एवढाच दोघांमधला फरक.

पण शहरात आता कारवानी कमी आणि लॅब्रेडोर जास्त. मधूनच एखादा हस्की दिसतो. पारा बेचाळीसच्या वर जाणाऱ्या गावात त्याला कूलरसमोर बसवून मालक स्वतः दारात वारा घेत उभा असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून जे लातूर प्यालं, त्याच लातुरात आज डॉग शाम्पूच्या बाटल्यांवर 'दोनदा चोळून भरपूर पाण्यानं धुवा' असं छापलेलं असतं. दिवस बदलतात ते असे.

शेतावरच्या कुत्र्याला शिकवणी लागत नव्हती, कारण त्याला नोकरी होती. रात्री आखाड्यावर जागायचं, रानडुकराला हाकलायचं, दिवसा बाभळीखाली झोपायचं. मालकाकडं हुकूम दोनच: 'छू' आणि 'हाड'. सगळं प्रशासन तेवढ्यावर चालायचं. तेच कुत्रं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलं की बेरोजगार होतं. बेल वाजली की ते जुनी नोकरी आठवून भुंकतं, लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंच्या साडीला नाक लावतं, आणि दुधवाल्याला बघून आपलं खातं कुठलं हे ठरवू शकत नाही. अशा वेळी 'बस', 'थांब', 'ये', 'सोड' आणि दोरीला ओढ न देता चालणं, एवढ्या पाच गोष्टी आल्या तरी कुत्र्याचं, मालकाचं आणि काकूंचं आयुष्य सुखाचं होतं. या पाचांनाच बेसिक ओबीडियन्स म्हणतात. हात दे, गोल फीर, मेल्याचं सोंग घे हे सगळं पाहुण्यांसाठी.

मास्तरांचे आपल्याकडं साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला फौजी. नांदेडजवळ मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं. त्यामुळं खाकीचा आणि शिस्तीचा दरारा या भागात रुजलेला. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस कुत्र्याला शिकवायला आला की सगळं घर ताठ बसतं, कुत्रं सोडून. दुसरा रीलवाला. त्याच्या मोबाइलमध्ये बारा कुत्री एका ओळीत बसलेली असतात आणि मागं कुठलंतरी दणदणीत गाणं वाजत असतं. बसायच्या आधी ती कुत्री काय करत होती, हे रीलमध्ये येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे गप्प राहणारं एखादं पोरगं. शेरडं-कुत्र्यांत वाढलेलं, जवळ जाहिरात नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही. ते आल्याबरोबर कुत्र्याशी काही बोलत नाही. दाराशी बसतं, पाठ अर्धी वळवतं आणि कुत्र्याला वास घेऊ देतं. कुणाच्या अंगात विद्या आहे हे यातल्या कुठल्याही प्रकारावरून ठरत नाही. फौजी प्रेमळ निघू शकतो आणि गप्प पोरगं मारकुटंही.

कायद्याकडून फारशी मदत होत नाही. आपल्याकडं कुत्र्याच्या मास्तरकीला परवाना लागत नाही. ज्याच्या हातात दोरी तो ट्रेनर. म्हणून पहिली चौकशी जनावरांच्या डॉक्टरांकडं करावी. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यानं या भागात शिकलेले डॉक्टर मिळतात, आणि कुठल्या मास्तराकडून आलेलं कुत्रं तपासणीच्या टेबलावर थरथरतं हे त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं कुणालाच नसतं. मास्तर भेटला की आपली लातुरी सवय आवरावी. 'रिझल्ट किती?' हा प्रश्न इथं चुकीचा. शंभर टक्के हमी देणारा मास्तर दिसला की नमस्कार करून निघावं, कारण कुत्र्याच्या विषयात बोर्ड नाही, गुणपत्रिका नाही आणि बॅनरवर छापायला टॉपर नाहीत. विचारायचं ते एवढंच: कुत्र्यानं बरोबर केलं तर तुम्ही काय करता? चुकलं तर काय करता? आणि तुमचा एखादा दुसरा तास मला लांबून बघता येईल का? पहिल्या प्रश्नाला नुसतं 'काही नाही', दुसऱ्याला 'मग दाखवतोच त्याला', आणि तिसऱ्याला 'घरच्यांसमोर ते ऐकत नाही' अशी उत्तरं आली की परीक्षा संपली.

निवासी बॅचचं प्रकरणही असंच नाजूक. महिनाभर कुत्रं आमच्याकडं ठेवा, शिकवून परत करतो, असं काहीजण सांगतात. आपल्या भागात पोरं दोन-दोन वर्षं खोली करून राहतात, तेव्हा हे ऐकायला अगदी रास्त वाटतं. कुत्रं शिकूनही येतं. पण ते मास्तराचा आवाज, मास्तराचं अंगण आणि मास्तराचे हात शिकून येतं. घरात आल्यावर आजोबा खुर्चीतून 'बस रे' म्हणाले की ते त्यांच्याकडं सहानुभूतीनं बघतं. कुत्र्याला शिकलेली गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं जड जातं. स्वयंपाकघरात पक्कं बसणारं कुत्रं फाटकाबाहेर गेलं की पहिलीत बसतं. म्हणून जो मास्तर दोरी लवकरात लवकर घरच्यांच्या हातात देतो, तो फी कमी घेवो की जास्त, तो आपला.

मारून शिकवावं की देऊन, हा वाद जगात मोठा आहे आणि आपल्या घरात त्याहून मोठा. जर्मनीत कोनराड मोस्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं १९१० साली कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं; हिसके देणारी कडक पद्धत पुढं कितीतरी दशकं चालली. मग १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास मांडला आणि टोळीत एक सर्वांना दाबून ठेवणारा म्होरक्या असतो, ही कल्पना रुजली. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात तीच पसरवली आणि 'कुत्र्याला आपणच म्होरके आहोत हे दाखवून द्या' असं जगभरचे मास्तर सांगू लागले. पुढं मेक यांनीच मोकळ्या रानातले लांडगे बघून १९९९ मध्ये लिहिलं की टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, दुसरं काही नाही. थोडक्यात, तुरुंगातली माणसं बघून संसाराचे नियम लिहिले गेले होते. ही दुरुस्ती आपल्या गल्लीपर्यंत यायची आहे. आजही कोणीतरी सांगतंच, 'आधी त्याला आडवं पाडा, मग ते मान देतंय.'

दुसरी वाट समुद्रातून आली. केरन प्रायर या बाई १९६० च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिनांना शिकवत होत्या. डॉल्फिनाला पट्टा घालता येत नाही, छडी मारता येत नाही, आणि तो रागावला तर टाकीच्या मध्यावर जाऊन राहतो. हातात उरतात फक्त शिट्टी आणि मासळी. बरोबर केलं त्याच क्षणी शिट्टी, मागोमाग मासळी. पुढं १९८४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि हीच रीत पुढं कुत्र्यांकडंही आली. आपल्याकडं मासळीच्या जागी उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा चालतो, भाजलेला बिनमिठाचा शेंगदाणाही चालतो. मनुका, कांदा आणि चॉकलेट मात्र लांब ठेवावं. ती कुत्र्याला विषासमान. सगळी मेख वेळेची आहे. कुत्रं बसल्यावर एक-दोन सेकंदांत दाणा तोंडात पडला पाहिजे. आपण डबा उघडेपर्यंत ते उठलं, तर त्याला उठण्याचं बक्षीस मिळालं असा हिशेब त्याच्याकडं लिहिला जातो.

या हिशेबानं बघितलं तर आमच्या थोरामोठ्यांचीही पंचाईत होते. संत नामदेवांचं मूळ गाव नर्सी इथून जवळच, हिंगोली जिल्ह्यात. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ही गोष्ट लहानपणी प्रत्येकानं ऐकलेली. कुठलाही ट्रेनर ती ऐकून कपाळाला हात लावेल. चोरीनंतर लगेच तूप! म्हणजे उद्या पुरणपोळी. पण ते कुत्रं तेव्हापासून नामदेवांच्या दाराला सोडून गेलं नसेल, याबद्दल ट्रेनरलाही शंका नसावी. 'ये' या आज्ञेचं सगळं मर्म त्या वाटीत आहे. ज्याच्याकडं गेल्यावर काहीतरी बरं घडतं, त्याच्याकडं कुत्रं पळत येतं. 'ये, ये' म्हणून बोलवायचं आणि आल्यावर चपलेबद्दल ठोकायचं, असं एकदा घडलं की 'ये' म्हणजे 'पळ' हे ते पक्कं करतं.

घरात खरी अडचण येते ती मंत्रिमंडळाची. मास्तरानं सांगितलेलं असतं की एका कामाला एकच शब्द. पण आजी 'बस बाबा' म्हणते, मुलगा 'सिट', कामवाल्या मावशी 'बैठो', आणि वडील नुसतेच बोट दाखवतात. जेवणाच्या ताटावरून दाणा द्यायचा नाही असा ठराव एकमतानं मंजूर होतो, आणि रात्री टेबलाखालून तीन हात वेगवेगळ्या दिशांनी येतात. कुत्रं कुणाचंच ऐकत नाही अशी तक्रार घेऊन हे घर मास्तराकडं जातं. लातूरचा मास्तर शांतपणे विचारतो, 'ते ऐकूलालंय. तुमी सगळे एकच बोलूलालाव का?' या प्रश्नानंतर जी शांतता पसरते, तेवढी शांतता त्या घरात मालिकेच्या जाहिरातीतही नसते.

आणि हे सगळं होत असताना शेजारच्या खोलीत नीटवाला बसलेला असतो. कुत्र्यानं पाच मिनिटं धडा गिरवला, एकदा ते नीट बसलं, तर बाहेर सगळं घर 'शाब्बास! गुड बॉय!' म्हणून नाचतं. पाच मिनिटांहून जास्त ताण द्यायचा नाही, ते दमलं की थांबायचं, शेवट नेहमी जमलेल्या गोष्टीवर करायचा, असं मास्तर बजावतो. आत पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत ऑरगॅनिक केमिस्ट्री चालू असते, आणि शाब्बासकी दोन वर्षांनी, तीही निकाल आला तर. असा एखादा पोरगा पाणी प्यायला बाहेर येतो, अंड्याच्या तुकड्याकडं बघतो, कुत्र्याकडं बघतो आणि काही न बोलता परत जातो. आईच्या ते ध्यानात येतं. दुसऱ्या दिवसापासून टेस्ट सिरीजचा निकाल काहीही लागो, त्याच्या टेबलावर चुरमुऱ्यांच्या सुशीलाची गरम बशी न मागता येऊ लागते. कुत्र्याच्या फीमधून झालेली ही वरकमाई.

पाचांतली सर्वांत अवघड आज्ञा 'थांब'. बसणं एका क्षणाचं काम. थांबणं म्हणजे काळावर विश्वास टाकणं. शिकवण्याची रीत साधी आहे: कुत्र्याला थांब म्हणायचं, एक पाऊल मागं जायचं, लगेच परत यायचं, दाणा द्यायचा. मग दोन पावलं. मग पाच. मग दाराआड. दर वेळी परत यायचंच. मधेच घाई करून एकदम लांब गेलं, किंवा थांब म्हणून निघून गेलं आणि विसरलं, तर केलेलं सगळं पाण्यात.

इथं मला मराठवाड्याचा थोडा अभिमान वाटतो. 'थांब' आम्हाला शिकवावं लागलं नाही. पाण्यासाठी थांबलो, थेट रेल्वेसाठी थांबलो. नांदेडहून लातूरला आगगाडीनं जायचं तर अजून परभणी-परळीचा वळसा आहे. आयुक्तालयासाठी तर दोन्ही शहरं शेजारीशेजारी थांबली आहेत. दाणा कुणी दिला नाही, पण बैठक मोडली नाही. एवढं पक्कं ट्रेनिंग झालेला प्रदेश शोधून सापडायचा नाही. कुत्रं मात्र इतकं सोशिक नसतं. दोन-चारदा कुणी परत आलं नाही की ते उठतं, अंग झाडतं आणि आपल्या मार्गानं जातं. पुढच्या वेळी 'थांब' म्हणणाऱ्याच्या तोंडाकडं बघतसुद्धा नाही. त्याला आपण हट्टी म्हणतो. त्याच्या वहीत आपल्या शब्दाची पत संपलेली असते, एवढंच.

ही पत राखली तर कुत्रं किती देतं, हे शेजारच्या बीडनं दाखवलं. बीड पोलिसांच्या श्वानपथकातला रॉकी २०२० मध्ये गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला पूर्ण सन्मानानं निरोप दिला. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्यानं मदत केली होती. त्या वर्षीच्या ३० ऑगस्टच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याची आठवण काढली. पोलिसांच्या कुत्र्याला गुन्हा म्हणजे काय हे ठाऊक नसतं, कलम माहीत नसतं. त्याला आपला हँडलर माहीत असतो: काम झालं की हा माणूस शब्दाप्रमाणं वागतो, आज वागतो, उद्याही वागेल. तीनशे प्रकरणांचा पाया तेवढाच.

तेव्हा मास्तर निवडताना त्याची टोपी, शिट्टी, रीलला मिळालेले लाइक आणि फी बघायची तर बघावी, पण शेवटी फाटकाशी उभं राहून एकच गोष्ट पारखावी. कुत्र्याला 'थांब' म्हणून निघालेला हा माणूस त्याच्याकडं परत येतो का, आणि येताना हात रिकामा असतो का? ही कसोटी कुत्र्याच्या मास्तरापुरतीच ठेवावी असा काही नियम नाही. मतदार यादीत ज्यांची नावं आहेत त्यांनी ती इतरत्रही लावून बघायला हरकत नाही.